प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवून चित्र काढल्याने समज खरोखर वाढते का?

विज्ञान शिक्षिका, देवगड तालुका (प्रश्न)

नमस्कार. मी देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. बराच काळ मनात असलेला एक प्रश्न येथे मांडते आहे, कारण इथे कलाशिक्षक आहेत, तसेच समुद्राचा, वनस्पतींचा आणि कातळशिल्पांचा अभ्यास करणारी मंडळीही आहेत.

आमच्या विषयात आकृतीला गुण असतात, म्हणून मुले आकृत्या पुष्कळ काढतात आणि त्या नीटनेटक्याही असतात. हृदय, वृक्क, पेशी, फुलाचा उभा छेद असे सगळे पट्टीने रेघा ओढून, नावे देऊन तयार असते. मात्र या आकृत्या पुस्तकातल्या आकृतीवरून उतरवलेल्या असतात. ज्या वस्तूची ती आकृती आहे ती वस्तू मुलांनी निरखून पाहिलेली असतेच असे नाही. म्हणून या वर्षी मी प्रत्येक बाकावर जास्वंदीचे एकेक फूल ठेवले, पुस्तके दप्तरात ठेवायला सांगितली आणि समोरचे फूल जसे दिसते तसे काढा, एवढीच सूचना दिली.

बहुतेकांनी फुलाकडे एकदा पाहिले आणि पुस्तकातलीच आकृती आठवून काढली. जास्वंदीची प्रत्येक पाकळी एका कडेने शेजारच्या पाकळीवर चढलेली असते आणि दुसऱ्या कडेने पलीकडच्या पाकळीखाली गेलेली असते, त्यामुळे सगळ्या फुलाला एका दिशेचा पीळ असतो. मुलांच्या वह्यांत मात्र पाचही पाकळ्या सुट्या, एकमेकींना न शिवणाऱ्या होत्या. पाकळ्यांना धरून ठेवणाऱ्या हिरव्या पेल्याच्या, म्हणजे निदलपुंजाच्या खाली बारीक हिरव्या पात्यांचे आणखी एक कडे असते. ते जवळजवळ कोणीच काढले नाही. याच मुलांपैकी कितीतरी जण रोज सकाळी देवासाठी हीच फुले खुडून आणतात.

एका विद्यार्थिनीचे चित्र मात्र अर्ध्यावर थांबले होते. मी जवळ गेले तेव्हा तिने विचारले, ‘‘बाई, पाकळी मधल्या नळीला चिकटलेली आहे की नळीच्या बाहेरून सुटी उगवली आहे?’’ आम्ही दोघींनी पाकळी हलकेच खाली ओढून पाहिली, तर पाकळ्यांचे बूड आणि पुंकेसरांची नळी एकत्र जुळलेली निघाली. जास्वंदीचे फूल गळते तेव्हा पाकळ्या एकेक करून का झडत नाहीत, सगळ्या पाकळ्यांचा दलपुंज नळीसकट एकसंध का खाली पडतो, हे त्या क्षणी वर्गाला कळले. तो भाग मी कित्येकदा फळ्यावर काढून शिकवलेला आहे, पण हा प्रश्न त्या आधी कोणी विचारला नव्हता.

आता माझ्या शंका. प्रत्यक्ष निरीक्षणातून चित्र काढल्याने वस्तूची समज वाढते, की हा केवळ हस्तकौशल्याचा भाग आहे? माझे काही सहकारी म्हणतात की मोबाइलवर फोटो काढला तर तो अधिक अचूक असतो आणि तासही वाचतो. त्यांचे म्हणणे मला सरळ खोडून काढता येत नाही. शिवाय ‘‘मला चित्र येत नाही’’ असे म्हणून जी मुले हात आखडता घेतात, त्यांना या कामात कसे आणावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त कलाशिक्षक, मालवण

बाई, नमस्कार. त्या विद्यार्थिनीचे अर्ध्यावर थांबलेले चित्र हेच आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर आहे असे मी मानतो. ‘जास्वंदीला पाच पाकळ्या असतात’ हे वाक्य पूर्णपणे बरोबर आहे, आणि तरीही त्या पाकळ्या खाली कशाला जुळतात याविषयी ते काहीच सांगत नाही. वाक्याला तसे मोघम राहता येते. रेघेला राहता येत नाही. ती कुठून तरी सुरू करावी लागते, कुठेतरी थांबवावी लागते, दुसऱ्या रेघेच्या पुढून किंवा मागून न्यावी लागते, आणि यातला प्रत्येक निर्णय घेण्यासाठी वस्तूकडे परत पाहावे लागते. ती मुलगी सांध्यापाशी आली आणि तिथे काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही, हे तिच्या ध्यानात आले. हस्तकौशल्याचा संबंध त्यानंतर येतो.

आपल्या बाजारातले एक उदाहरण घेतो. लेपा हा मासा इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. तो चपटा असतो, तळाशी वाळूवर पडून असतो, वरचे अंग मातकट आणि खालचे पांढरे असते, इतके कोणीही सांगेल. तो समोर ठेवून चित्र काढायला बसले की पहिली अडचण डोळ्यांची येते. दोन्ही डोळे एकाच अंगाला, अगदी लहान, आणि जवळजवळ. तोंड सरळ नसून खालच्या बाजूला आकड्यासारखे वळलेले. छातीजवळचे पर, म्हणजे पोहण्याचे पंख, शोधायला जावे तर ते नसतातच. पाठीवरचा पर डोक्यापासून निघतो आणि शेपटीला वळसा घालून पोटाखालच्या पराला मिळतो, म्हणजे शेपूट नेमकी कुठे सुरू होते ते दाखवता येत नाही. आता दुसरा लेपा घ्यावा, तिसरा घ्यावा. डोळ्यांची बाजू आपल्याकडे आणि जबडा खालच्या अंगाला राहील असा ठेवला की प्रत्येकाचे डोके डावीकडेच येते. लेप्यांच्या या कुळात दोन्ही डोळे शरीराच्या डाव्या अंगाला असतात. दुसऱ्या एका कुळातल्या चपट्या माशांत ते उजव्या अंगाला असतात. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला मात्र इतर माशांप्रमाणे दोन बाजूंना दोन डोळे असतात, आणि वाढीच्या काळात एक डोळा डोके ओलांडून पलीकडे सरकतो. ही शेवटची गोष्ट ताटलीतल्या माशाकडे पाहून कळणार नाही, ती पुस्तकातूनच शिकावी लागेल. परंतु ज्याने वाकडे तोंड आणि सरकलेला डोळा स्वतःच्या हाताने काढलेला आहे, त्याला पुस्तकातले ते वाक्य वाचताना ते कशाबद्दल आहे हे नेमके माहीत असते.

आपली मुले पुस्तकातली आकृती का काढतात, याचेही कारण शोधायला हवे. प्रत्येकाच्या मनात वस्तूंची तयार चिन्हे असतात, आणि डोळ्यांपेक्षा ती हाताला आधी सापडतात. मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या मुलाला निसर्गचित्र काढायला सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि तिच्या काठी झोपडी, असे चित्र तो क्षणात काढून देतो. त्याच्या घरामागचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, वरून सपाट असतो, सूर्य त्याच्यासमोर समुद्रात मावळतो, घर चिऱ्यांचे आणि कौलारू असते. यातले काहीही चित्रात येत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत स्थिरचित्राचा विषय असतो. समोर मांडलेली वस्तू पाहून काढायची असते. तो विषय मनापासून शिकवला तर ही सवय मोडते. घाईने शिकवला तर तांब्याचेही एक तयार चिन्ह मुलांच्या हाती बसते आणि समोर कोणताही तांब्या ठेवला तरी तोच उमटतो. याविषयी मला तीव्रतेने वाटते, कारण पुष्कळ ठिकाणी स्थिरचित्र पाठ करवून घेतले जाते.

चिन्ह बाजूला सारण्याचा एक उपाय फार गुणकारी आहे. खाडीकाठी कांदळाचे झाड असेल तर त्याची आधारमुळे काढण्याऐवजी मुळांच्या मधल्या मोकळ्या जागा काढायला सांगाव्यात. मोकळ्या जागेचे चिन्ह कोणाच्याच मनात तयार नसते, म्हणून मुलाला पाहावेच लागते. सगळ्या जागा काढून झाल्या की मुळे आपोआप उभी राहतात, आणि ती खोडातून किती उंचीवरून निघतात, फांदीवरून खाली कशी लोंबतात आणि चिखलात शिरण्याआधी कुठे फुटतात हे सगळे योग्य जागी आलेले असते. ‘‘मला चित्र येत नाही’’ म्हणणाऱ्या मुलांनी या पद्धतीने काढलेली मुळे वर्गातल्या हुशार चित्रकारांच्या बरोबरीची होतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

विज्ञानाच्या इतिहासातले एक उदाहरण आपल्याला वर्गात उपयोगी पडेल. १६०९ साली इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट या गणितज्ञाने आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत गॅलिलिओने दुर्बिणीतून चंद्र पाहून चित्रे काढली. हॅरियटच्या त्या पहिल्या चित्रात उजेड आणि अंधार यांना वेगळी करणारी खडबडीत रेघ आणि काही डाग एवढेच आहे. गॅलिलिओला छायाप्रकाश रंगवण्याच्या परंपरेची चांगली ओळख होती. अंधाऱ्या भागात सुटे चमकणारे ठिपके त्याला दिसले, तेव्हा ती उंच शिखरे आहेत आणि पायथ्याशी अंधार असताना त्यांच्यावर ऊन पडले आहे, हे त्याने ओळखले. सूर्य समुद्रात बुडाल्यावरही आपल्या सह्याद्रीचे माथे काही वेळ उजळलेले राहतात, तसेच ते आहे. त्यावरून त्याने चंद्रावरच्या पर्वतांच्या उंचीचा हिशेबही मांडला. १६१० मध्ये त्याची चित्रे छापून प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर हॅरियटने काढलेल्या चंद्राच्या चित्रांतही विवरे येऊ लागली. त्याची दुर्बीण चांगली झाली असेल हे खरे, पण काय पाहायचे हे त्याला एका चित्राने दाखवले, असे मला वाटते.

फोटोच्या मुद्द्यावर इतकेच म्हणतो की फोटो एका क्षणाचा असतो आणि चित्र पुष्कळ वेळ पाहिलेल्याचे असते. वनस्पतिशास्त्रात आजही रेखाटने वापरतात, कारण कळी, उमललेले फूल, उभा छेद, फळ आणि बी हे सगळे एकाच पानावर, एकमेकांच्या प्रमाणात दाखवता येते. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानात अलेक्झांडर गिब्सन याच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५० या काळात अशी चित्रे काढली गेली. ती एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. ज्याने ती काढली त्या चित्रकाराचे नाव मात्र नोंदलेले नाही, याची खंत वाटते.

मत्स्यविज्ञान अभ्यासक, रत्नागिरी

सरांचे लेप्याचे वर्णन चोख आहे, आणि त्यांच्या मुख्य म्हणण्याशी मी सहमत आहे. तरीही एक बाजू राहू नये म्हणून लिहितो. चित्र काढणारा माणूस जे पाहतो तेच काढतो असे नाही. पुष्कळदा तो जे मानतो ते काढतो, आणि एकदा कागदावर आले की ते त्याला पुरावा वाटू लागते. १८७७ साली जोव्हानी स्कियापारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने मंगळाच्या नकाशात सरळ रेघा दाखवल्या. पुढे अमेरिकेत पर्सिव्हल लोवेलने १८९४ पासून त्याच रेघांचे जाळे वर्षानुवर्षे रेखाटले आणि ते तिथल्या बुद्धिमान जीवांनी खोदलेले कालवे आहेत असे लोकांना सांगितले. १९६५ साली मरिनर-४ या यानाने जवळून छायाचित्रे पाठवली तेव्हा तिथे विवरे दिसली, कालवे नव्हते. लोवेल आळशी नव्हता, तो रात्रीमागून रात्री पाहत होता. अंधुक ठिपके जोडून रेघ करण्याची डोळ्यांची खोड आणि मनातली खात्री यांनी ते कालवे काढले.

याहून बारीक उदाहरण मेंदूच्या पेशींचे आहे. कामिल्लो गॉल्जी या इटालियन वैज्ञानिकाने पेशी रंगवण्याची पद्धत शोधली आणि त्या पद्धतीने त्याला मज्जासंस्था म्हणजे एकसंध जाळे आहे असे दिसले; त्याने तसे काढले. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश वैज्ञानिकाने तीच पद्धत सुधारून वापरली, असंख्य काचपट्ट्या पाहून चित्रे काढली आणि प्रत्येक पेशी वेगळी आहे, ती दुसरीला जोडलेली नाही, असे दाखवले. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून दिले गेले. दोघेही उत्तम रेखाटन करणारे होते. बरोबर कोण, हे चित्रांच्या सुबकपणावरून ठरणार नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशींमधली फट दाखवली तेव्हा काहालच्या बाजूने शेवटचा कौल लागला. म्हणून बाईंना माझी सूचना अशी की एकाच वस्तूची पाच-सहा मुलांनी काढलेली चित्रे शेजारी शेजारी ठेवावीत, आणि जिथे ती एकमेकांशी जुळत नाहीत तिथे परत वस्तूकडे जावे. चित्राची तपासणी वस्तूवरून व्हायला हवी, पुस्तकावरून नव्हे.

फोटोबद्दल एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. लिंडा हेन्केल या संशोधिकेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी नुसते फोटो काढले, त्या वस्तू त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला असता ही उणीव राहिली नाही. म्हणजे दोष यंत्राचा नसून लक्ष यंत्राकडे सोपवण्याचा आहे. २०१६ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी शब्द लिहून काढणे आणि त्या शब्दाचे चित्र काढणे यांची तुलना केली, तेव्हा चित्र काढलेले शब्द लक्षणीयरीत्या अधिक आठवले, आणि चित्र चांगले आहे की नाही याने फारसा फरक पडला नाही. शेवटचा निष्कर्ष ‘‘मला चित्र येत नाही’’ म्हणणाऱ्या मुलांना जरूर सांगावा. अर्थात आठवणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे भान ठेवावे.

आमच्या कामात मोजमापासाठी आणि रंगासाठी फोटोच लागतो, कारण मासा बर्फातून बाहेर काढला की रंग बदलत जातो. पण जाती ओळखण्याच्या पुस्तकांत, उदाहरणार्थ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शिकांत, रेखाचित्रेच मुख्य असतात. बांगड्याच्या पाठीवरच्या दुसऱ्या परामागे पाच सुटे छोटे पर असतात आणि खालच्या बाजूलाही पाच. फोटोत ते अंगाला चिकटलेले, म्हणून दिसेनासे होतात. पापलेट आणि हलवा यांच्याकडे वरवर पाहिले तर ते एकाच घरातले वाटतात. हलव्याच्या शेपटीच्या दांड्यावर कडक खवल्यांची उंचावलेली ओळ असते, तिथे बोट फिरवले तरी ती लागते. पापलेटला ती नसते, आणि दोघांची कुळेही वेगळी आहेत. शेपटीचा दांडा काढताना ज्याचा हात थांबतो, त्याला हा फरक कोणी सांगावा लागत नाही.

बागायतदार, गुहागर

मी शिक्षक नाही, तरी वाडीतला एक अनुभव लिहितो. पुतणीला शाळेसाठी माडाचे चित्र हवे होते आणि तिला झाडाखाली उभे राहून वर पाहत झावळांचा क्रम काढायचा होता. कोणती झावळ आधीची आणि कोणती नंतरची हे ठरवताना तिच्या लक्षात आले की झावळा खोडाभोवती फिरत फिरत येतात, आणि शेजारच्या माडावर हाच फेर उलट दिशेने जातो. मग आम्ही सगळी वाडी फिरून पाहिली. काही माड डाव्या फेराचे आहेत आणि काही उजव्या. माहीतगार माणसाने सांगितले की माडांत दोन्ही प्रकार असतात आणि त्यावर अभ्यासही झालेला आहे. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या माडावर चढणे, पाडप म्हणजे नारळ उतरवणे चालू आहे, पण ही गोष्ट त्या पोरीच्या कागदामुळे आमच्या बोलण्यात आली.

सड्यावरचा वाटसरू, राजापूर

मी कातळशिल्पांच्या नोंदणीच्या कामात हौशी मदतनीस म्हणून जातो, त्या अनुभवातून दोन गोष्टी सांगतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या जांभ्याच्या सड्यांवरची ही प्रागैतिहासिक शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. आज त्यांचे ड्रोनने फोटो घेतले जातात, आणि ते घ्यायलाच हवेत. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. जमिनीवर उभ्या माणसाला तो एका नजरेत मावत नाही, वरूनच दिसतो. तरीही दोरीच्या चौकटी आखून, एकेक चौकट आलेखाच्या कागदावर हाताने उतरवण्याचे काम आम्ही सोडलेले नाही.

कारण असे की जांभा हा सच्छिद्र आणि खडबडीत दगड आहे. त्यात भेगा असतात, पावसाच्या पाण्याने झालेले खळगे असतात आणि त्यांच्यातूनच कोरलेली रेघ जाते. फोटोत हे सगळे सारखेच काळे दिसते. कागदावर उतरवताना मात्र प्रत्येक खाचेपाशी ठरवावे लागते की ही माणसाने कोरलेली आहे की दगडाची मूळची आहे, आणि त्यासाठी खाचेची कड, खोली आणि तळ पाहावा लागतो. जिथे ठरत नाही तिथे आम्ही तुटक रेघ काढतो. मत्स्यविज्ञानवाल्या सरांनी मंगळाच्या कालव्यांचा जो धोका सांगितला आहे, त्यावर तुटक रेघ हा आमच्या कामातला उपाय आहे. बाईंनी तो वर्गातही वापरून पाहावा. दोन आकृत्या एकमेकींवर आल्या असतील तर कोणती रेघ कोणतीला छेदून जाते हेही काढतानाच लक्षात येते, आणि आधी कोणती कोरली गेली याचा अंदाज बांधता येतो.

उजेडाचेही सांगतो. भर दुपारी शिल्प जवळजवळ नाहीसे होते, कारण खाचेत सावली पडत नाही. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर तिरप्या उजेडात उथळ रेघाही उठून दिसतात. एकच शिल्प दोन वेळांना काढले तर दोन चित्रे वेगळी येतात, आणि त्या फरकातून खाचेची खोली समजते.

या शिल्पांत हत्ती आहेत, गेंडे आहेत, पाकट आणि मुशी यांसारखे मासे आहेत. गेंडा आज कोकणात नाही. ज्याने तो कोरला त्याला शिंग कुठे येते आणि पाठीचा उतार कसा जातो हे माहीत होते, आणि ते त्याने पाहून जाणलेले असणार. माणसाने चित्र काढून जग समजून घेण्याचा इतका जुना पुरावा आपल्या मुलांच्या घराजवळ आहे, म्हणून शाळेची सहल तिथे न्यावी असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. मात्र एक विनंती आहे. रेघा उठून दिसाव्यात म्हणून कोणीही त्यांत खडू किंवा चुना भरू नये, आणि शिल्पावर चालू नये. जांभ्याची कड ठिसूळ असते.

विज्ञान शिक्षिका, देवगड तालुका

सर्वांची मनापासून आभारी आहे. तुटक रेघ आणि मोकळ्या जागा या दोन गोष्टी मी लगेच वर्गात नेणार आहे. आता व्यवहाराची अडचण विचारते. माझा तास ३५ मिनिटांचा असतो आणि वर्गात चाळीसहून अधिक मुले आहेत. एवढ्या वेळात हे कसे बसवावे? आणि गुण कशाला द्यावेत? सुबक चित्राला दिले तर जी मुले आधीच चित्रकलेत पुढे आहेत तीच पुढे राहतील.

निवृत्त कलाशिक्षक, मालवण

बाई, चार-पाच मुलांत एक वस्तू ठेवावी आणि प्रत्येकाने आपल्या जागेवरून दिसते तशीच काढावी. शेजाऱ्याचे चित्र वेगळे येणार, हे आधीच सांगून ठेवावे. पहिली पाच मिनिटे पेन्सिल खाली असावी. वस्तू हातात घ्यावी, उलटी करावी, वास घ्यावा. त्यानंतर पंधरा मिनिटे चित्र, पानभर मोठे, खोडरबराशिवाय. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि शेजारी दुसरी काढावी, म्हणजे मुलाने कुठे परत पाहिले हे आपल्याला कळते. जे ठरत नाही तिथे वाटसरूंनी सांगितलेली तुटक रेघ आणि बाजूला एक प्रश्न लिहावा. उरलेल्या वेळात गटातली चित्रे एकत्र ठेवून न जुळणाऱ्या जागा शोधाव्यात आणि पुस्तक सर्वांत शेवटी उघडावे.

प्रमाण चुकते अशी तक्रार मुले करतील. त्यांना हात लांब धरून पेन्सिलवर अंगठ्याने माप घ्यायला शिकवावे. माशाचे डोके त्याच्या पूर्ण लांबीत किती वेळा बसते, एवढे मोजले तरी चित्र सुधारते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते मोजमाप स्वतःच एक निरीक्षण आहे. गुणांबाबत माझे मत स्पष्ट आहे. सुबकपणाला गुण देऊ नयेत. मुलाने किती गोष्टी स्वतः टिपल्या, किती प्रश्न लिहिले आणि गटात तपासल्यावर चित्रात कोणती दुरुस्ती केली, याला द्यावेत. तारीख, वेळ आणि जागा लिहिलेली नसेल तर मात्र अर्धा गुण कापावा. त्या नोंदीशिवाय चित्र पुढे कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

वस्तू कोणत्या महिन्यात कोणती, हेही आपल्याकडे ठरवून घ्यावे लागते. शाळा सुरू होते तेव्हा यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. १ जून ते ३१ जुलै या बोटी समुद्रात जात नाहीत, म्हणून जून-जुलैमध्ये पाने आणि फुले घ्यावीत. खाडीकाठच्या तिवराची पाने यासाठी उत्तम आहेत, कारण वरची बाजू हिरवी आणि खालची फिकट असते, आणि पाऊस उघडला की पानावर मिठाचे कण दिसतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यावर गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशी लहान लहान फुलझाडे येतात. ती उपटून वर्गात आणण्यापेक्षा मुलांना तिथे न्यावे आणि वाकून, जमिनीच्या जवळ बसून काढायला लावावे. नारळी पौर्णिमेनंतर ताजा मासा मिळू लागतो, तेव्हा बांगड्यापासून सुरुवात करावी आणि लेपा दिवाळीनंतर द्यावा. वासाची अडचण आहेच. मासा पाण्याने धुऊन केळीच्या पानावर ठेवावा आणि तास मधल्या सुट्टीच्या आधीचा निवडावा.